मोकळी जागा, पक्क्या कडा: कमी तपशिलाच्या कथांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी लघुकथा आणि अलक (अति लघु कथा) वाचते, लिहिते, नव्याने लिहिणाऱ्यांच्या कथांवर त्यांच्याशी बोलते. त्या बोलण्यात काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र करून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, कारण तो प्रश्नच माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

तपशील कमी केले की वाचक स्वतःचा अर्थ लावतो असं म्हणतात. म्हणजे नेमकं काय होतं?

उदाहरणावरूनच बघू. हे तीन ओळींचं काम मी या पानासाठीच केलं आहे:

'दोन ताटं घेतली. एक पुन्हा मांडणीत ठेवलं. भात दोघांचा झाला होता.'

यात कुणाचं नाव नाही, गाव नाही, दुसरं माणूस कुठे गेलं ते नाही. तरी स्वयंपाकघर दिसतं. कुणाला त्यात गेलेला नवरा दिसेल. ज्यांचा मुलगा नुकताच शिकायला बाहेर पडला आहे, त्यांना तो गेल्यानंतरची पहिली रात्र आठवेल. ज्या घरात संध्याकाळी शब्दाला शब्द लागला असेल, त्यांना आतल्या खोलीचं लावून घेतलेलं दार दिसेल. जिची आई दवाखान्यात आहे तिला आणखी काही. यातलं एकही मी लिहिलेलं नाही आणि एकही नाकारलेलं नाही.

आता हीच गोष्ट भरून लिहिते: 'सुमनताईंच्या यजमानांना जाऊन आज पंधरा दिवस झाले होते. पाहुणे पांगले होते आणि घर खायला उठलं होतं. सवयीने त्यांनी दोन ताटं घेतली, मग एकदम लक्षात आलं की आता एकच लागणार. त्यांचे डोळे भरून आले.'

चूक काही नाही यात. पण वाचकाच्या वाट्याला आता एकच काम उरलं, सुमनताईंबद्दल हळहळणं. पहिल्या तीन ओळी वाचताना त्याने स्वतःच्या मांडणीतलं ताट उचललं होतं.

मग वाचकाने काहीही अर्थ लावला तरी चालतो?

नाही, आणि या एका गैरसमजापायी कितीतरी कथा विस्कटतात.

त्या तीन ओळींतलं शेवटचं वाक्य बघा. भात दोघांचा झाला होता. म्हणजे तांदूळ धुताना हाताने दोघांचं माप घेतलं होतं. दुसरं माणूस जेवायला नाही ही गोष्ट एक तर नंतर कळली, किंवा कळूनही हाताने मानली नाही. त्यामुळे 'हे माणूस कायमच एकटं राहणारं आहे' असा अर्थ इथे बसणार नाही. ताट 'पुन्हा मांडणीत' गेलं, म्हणजे झाकून ठेवलेलं नाही. रात्री उशिरा कुणी येऊन जेवेल ही आशा त्या क्षणी तरी सोडलेली दिसते. एवढ्या कडा आखल्या आहेत. वाचक मोकळा आहे तो त्यांच्या आत.

एक शब्द बदलून बघा. 'दोन ताटं'च्या जागी 'एक ताट आणि एक छोटी ताटली' लिहिलं की नवरा, मुलगा, आई सगळे निघून जातात आणि एक लहान मूल उरतं. कथा तितकीच लहान राहिली, पण जागा पार वेगळी झाली. म्हणून मी शिकणाऱ्यांना आधी हे विचारत नाही की काय गाळलंस. मी विचारते, काय ठेवलंस? गाळणं कुणालाही जमतं. जे दोन-तीन तपशील उरतात, त्यांच्यावर सगळा भार असतो.

पण त्या कथेत निदान बाई आहे, हे तरी सांगितलंय ना?

सांगितलेलं नाही. पुन्हा वाचा.

'घेतली' हे क्रियापद ताटांबरोबर चालतं, घेणाऱ्याबरोबर नाही. 'ठेवलं'चंही तेच. घेणारा पुरुष असो की बाई, वाक्य जसंच्या तसं राहतं. तरी स्वयंपाकघर म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बाई उभी राहते. ती कथेने दिलेली नाही, आपण घरून आणलेली आहे. हे ध्यानात आल्यावर तीच कथा म्हाताऱ्या वडिलांवर ठेवून वाचा. भात दोघांचा झाला होता. मला तरी ती अशी जास्त लागते.

मराठीत लपवण्याच्या आणि उघड करण्याच्या खास सोयी आहेत, आणि लिहिणाऱ्याने त्या हाताला वळण लागेपर्यंत घोटल्या पाहिजेत. 'तो गेला', 'ती गेली' म्हटलं की लिंग उघडं पडतं. 'निघायला उशीर झाला' म्हटलं की झाकलं जातं. 'अहो' या एका शब्दात अख्खं लग्न येतं. 'अगं' म्हटलं की समोर बाई किंवा मुलगी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि आपल्याकडचा सगळ्यात धारदार जोड म्हणजे 'आपण' आणि 'आम्ही'. पहिल्या संवादात 'आपण दिवाळीला जाऊ' म्हणणारी व्यक्ती शेवटच्या संवादात 'आम्ही दिवाळीला जाऊ' म्हणाली, की मधली भांडणं, कागदपत्रं, वाटण्या, काहीच लिहायला नको. ऐकणारा 'आपण'मधून बाहेर पडलेला आहे, तेवढं पुरे.

ग्वाटेमालाचे लेखक ऑगुस्तो मोंतेर्रोसो यांची डायनोसॉरची कथा अनेकांनी ऐकली असेल. १९५९ मध्ये ती त्यांच्या संग्रहात आली. सगळी कथा एका वाक्याची, मूळ स्पॅनिशमध्ये सात शब्दांची. कुणाला तरी जाग येते आणि डायनोसॉर अजून तिथेच असतो, बस. जाग कुणाला येते हे स्पॅनिश क्रियापद सांगत नाही. तो, ती, कुणीही चालेल. मराठीत आणताना 'तो जागा झाला' लिहिलं की निम्मी जागा बुजते. 'जाग आली तेव्हा डायनोसॉर अजून तिथेच होता' असं लिहिलं की ती राहते, कारण आपल्याकडे जाग येते, आणि ती कुणालाही येऊ शकते. आपली भाषा अशी मदतीला धावते तेव्हा मला फार आनंद होतो.

सूचक लिहिणं हे पाश्चात्त्य कथेकडून आलं का?

लघुकथा हा छापील प्रकार आपल्याकडे इंग्रजी अमदानीत रुजला, हे खरं. पण न सांगता सांगणं गोदावरीच्या काठावर फार जुनं आहे.

'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह. सातवाहन राजा हाल याच्या नावावर तो आहे, आणि सातवाहनांची राजधानी म्हणजे आपलं पैठण. प्रत्येक गाथा दोन ओळींची. त्यातल्या एका गाथेत एक बाई एका धार्मिक माणसाला म्हणते: बाबा, आता निर्धास्त फिरा. ते कुत्रं आज मारलं गेलं. गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहाने मारलं त्याला.

एवढंच. वरवर बघता ती त्याला फिरायची परवानगी देते आहे, कुत्र्याची भीती गेली म्हणते आहे. पण जो कुत्र्याला भीत होता तो सिंह असलेल्या झाडीत पाऊल टाकेल का? शब्द 'या' म्हणतात, अर्थ 'फिरकू नका' म्हणतो. आणि त्याने फिरकू नये असं तिला का वाटावं? याचं उत्तर गाथेत कुठेच नाही. जुन्या रसिकांनी ते असं भरलं की त्या झाडीत ती कुणाला तरी भेटत असावी, आणि हा फुलं तोडायला येऊन तिथला एकांत मोडत असावा. सिंह खरोखर आहे की नाही, हेही आपणच ठरवायचं.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला, त्यात ध्वनीचं उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली. शब्दांनी जे सांगितलं त्याहून वेगळं जे उमटतं ते काव्याचं खरं मर्म, असं त्याचं म्हणणं. पुढे अकराव्या शतकात महिमभट्टाने याला हरकत घेतली. हे सगळं साधं अनुमान आहे, त्यासाठी ध्वनी नावाची वेगळी शक्ती मानायची गरज नाही, असं तो म्हणाला, आणि तेही हीच गाथा समोर ठेवून. दोन ओळींच्या रिकाम्या जागेवर पंडितांनी इतका वाद घातला, हे मला आजही थक्क करतं.

या संग्रहावरच्या टीका, म्हणजे गाथांचा अर्थ उलगडणारी जुनी भाष्यं, वाचण्यासारख्या आहेत त्या आणखी एका कारणासाठी. बहुतेक गाथांत कोण कुणाला बोलतंय हे सांगितलेलं नसतं. टीकाकार ते सांगतात: ही सखी नायिकेला म्हणते आहे, ही बाई वाटसरूला ऐकू जाईल असं सासूला म्हणते आहे. आणि सगळे टीकाकार एकच सांगतात असं नाही. बोलणारं माणूस बदललं की गाथाही बदलते. म्हणजे टीकाकारही आपल्यासारखेच वाचक होते, मोकळी जागा दिसली की तिथे माणसं बसवणारे.

हेमिंग्वेचा 'हिमनग' नेहमी ऐकतो. तो काय आहे?

१९३२ मध्ये बैलांच्या झुंजींवर लिहिलेल्या पुस्तकात अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी ही उपमा वापरली. हिमनगाचा एक अष्टमांश भाग पाण्यावर असतो, म्हणून त्याची चाल भारदस्त वाटते. लेखकाला विषय पुरता माहीत असेल तर तो माहीत असलेलं गाळू शकतो आणि वाचकाला ते तरीही जाणवतं.

लोक इथेच थांबतात. त्याच परिच्छेदात पुढे ते असंही म्हणतात की माहीतच नाही म्हणून जो लेखक गाळतो, त्याच्या लिखाणात नुसते पोकळ खड्डे राहतात. माझ्या मते अर्धा धडा तिथे आहे. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या बऱ्याच कथांत 'ते' घडलेलं असतं, 'ती गोष्ट' असते, 'त्या रात्री'चा उल्लेख असतो. मी लिहिणाऱ्याला विचारते, त्या रात्री काय झालं होतं? उत्तर येतं, ते वाचकाने ठरवायचं. तसं चालत नाही. तुम्हाला ते तासा-तासाने ठाऊक हवं, मग गाळा.

त्यांची स्वतःची १९२७ ची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' बघा. स्पेनमधलं एब्रो नदीच्या खोऱ्यातलं स्टेशन, बार्सेलोनाहून येणाऱ्या गाडीला चाळीस मिनिटं आहेत, एक अमेरिकन पुरुष आणि एक तरुणी पीत बसली आहेत. तो तिला एका साध्या शस्त्रक्रियेबद्दल समजावतो. गर्भपात हा शब्द कथेत एकदाही येत नाही. त्यांची ओळख, त्यांचं वय, किती दिवस बरोबर फिरताहेत, काही नाही. पण सामानाच्या बॅगांवर ज्या हॉटेलांत ती दोघं राहिली त्यांची लेबलं चिकटवलेली आहेत, आणि तो त्या लेबलांकडे बघतो. त्यांचा सगळा भूतकाळ त्या चिकटवलेल्या कागदांत येतो. शेवटी तिने काय ठरवलं यावर वाचक अजून भांडतात, आणि दोन्ही बाजूंना कथेतून पुरावे देता येतात.

आणि ती सहा शब्दांची, बाळाच्या न वापरलेल्या बुटांची जाहिरात? तीही त्यांचीच ना?

'विकणे आहे: बाळाचे बूट, न वापरलेले.' एवढीच ती कथा, आणि ती हेमिंग्वे यांनी लिहिल्याचा पुरावा नाही. हेमिंग्वे १८९९ चे. ते लहान असतानाच अमेरिकन वर्तमानपत्रांत बाळाच्या न वापरलेल्या वस्तू विकायला काढल्याच्या अशा जाहिराती आणि त्यांवरचे मजकूर छापून येत होते.

मला त्या कथेबद्दल वेगळंच सांगावंसं वाटतं. ती मराठीत आणून ज्याला-त्याला पाठवली जाते, पण आपल्या कित्येक घरांत बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही विकत आणत नाहीत. पहिलं झबलं-टोपडंही घरातल्या जुन्या मऊ सुती कापडाचं असतं. अशा घरातल्या आजीला न वापरलेले बूट दिसले तर तिच्या मनात आधी मृत्यू येणार नाही. बारशाला सात जणांनी सात जोड दिले असतील, बाळाचे पाय भराभर वाढले असतील, असं ती म्हणेल. ती चुकीचं वाचत नाही. मोकळी जागा वाचक आपल्या घरच्या सामानाने भरतो, आणि घर बदललं की सामान बदलतं. मराठी वाचकाला हाच घाव द्यायचा असेल तर वस्तू वेगळी लागेल. धुऊन, घडी करून परत ट्रंकेत ठेवलेली दुपटी, कदाचित.

मराठीत असं लिहिणारं कोण सापडेल?

मी सगळ्यांना आधी दिवाकरांकडे पाठवते. शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे दिवाकर, १८८९ ते १९३१. पुण्यात शिक्षक होते. इंग्रज कवी ब्राउनिंगच्या एकमुखी काव्यांवरून त्यांना नाट्यछटेची कल्पना सुचली आणि १९११ पासून त्यांनी त्या लिहिल्या, एकूण ५१.

नाट्यछटेत एकच माणूस बोलतं. समोर कुणीतरी आहे, तेही बोलतंय, पण त्याचं बोलणं छापलेलं नाही. कुणी फोनवर बोलत असताना शेजारी बसून आपण जसं पलीकडचं जुळवतो, तसं ते जुळवायचं. मजा अशी की बोलणारं माणूस स्वतःची बाजू सावरत असतं आणि आपल्याला मात्र त्याची लबाडी किंवा कोतेपणा दिसत जातो. लेखक मधे येऊन 'हा ढोंगी होता' असं सांगत नाही. 'पंत मेले – राव चढले' हे शीर्षकच घ्या. चार शब्दांत एक मरण, एक बढती आणि त्यांच्यामधला सगळा समाज.

शंभर वर्षांपूर्वी एका शिक्षकाने मराठी वाचकावर इतका विश्वास टाकला होता. आज आपण तो का काढून घेतोय, हा विचार मला छळतो.

अलक म्हणजे हेच का?

अति लघु कथा, अलक, हा आकाराचा प्रकार आहे. आकार लहान म्हणून जागा मोकळी असेलच असं नाही.

बऱ्याच अलकांचा डोलारा शेवटच्या धक्क्यावर असतो. बायको वाटली ती मुलगी निघते, माणूस वाटला तो कुत्रा निघतो. धक्का बसला, कथा संपली. दुसऱ्यांदा वाचली तर काही उरत नाही, कारण शेवटच्या ओळीने एकच अर्थ सोडला आणि बाकीचे सगळे दरवाजे लावून घेतले. मी कसोटी अशी लावते: शेवट आधीच माहीत असताना कथा पुन्हा वाचावीशी वाटते का? उलट, चांगली वीस पानी कथाही मोकळी असू शकते.

आम्ही 'तात्पर्य' वाचत मोठे झालो. शेवटी बोध नको का?

शाळेत प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य असायचं आणि परीक्षेत ते लिहिलं की गुण मिळायचे. त्याची सवय अशी लागते की तात्पर्य नसलेली गोष्ट अर्धवट वाटते.

रशियन लेखक चेखव यांनी १८९० मध्ये घोडेचोरांवर एक कथा लिहिली. त्यांचे स्नेही आणि संपादक सुवोरिन यांनी तक्रार केली की चांगल्या-वाईटाबद्दल लेखक काहीच बोलत नाही. चेखव यांनी १ एप्रिल १८९० च्या पत्रात उत्तर दिलं. घोडे चोरणं वाईट, हे मी न सांगताही सगळ्यांना कधीचं ठाऊक आहे, निवाडा पंचांनी करावा, माझं काम ती माणसं कशी आहेत ते दाखवणं. आणि पुढे ते लिहितात की कथेत जे आपल्या भावनेचं, मताचं कमी आहे ते वाचक स्वतः घालेल, याचा हिशोब धरूनच मी लिहितो.

हिशोब हा शब्द महत्त्वाचा. वाचक किती टाकेल, हे पदार्थात मीठ बेतावं तसं त्यांनी आधीच बेतलेलं होतं.

याचं काही शास्त्र आहे का?

आहे. पोलंडचे रोमान इनगार्डेन यांनी १९३१ मध्ये साहित्यकृतीतल्या अनिश्चित जागांची मांडणी केली. जर्मनीचे वोल्फगांग इझर यांनी १९७० च्या दशकात ती वाचनाच्या प्रक्रियेपर्यंत नेली: संहितेतल्या रिकाम्या जागा वाचकाला कामाला लावतात, पण त्या कशा भरायच्या याची दिशाही संहिताच देते. 'ध्वन्यालोका'वर टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताची 'सहृदय' ही कल्पना याच्या शेजारी ठेवून वाचा. सतत काव्य वाचून ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, तो सहृदय. म्हणजे वाचकालाही रियाज लागतो.

जितकं कमी तितकं चांगलं, असं म्हणायचं का?

मी पूर्वी असं म्हणत असे. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यांच्या एका कथेच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या आणि म्हणणं सोडलं.

एक आई मुलाच्या वाढदिवसासाठी केक सांगून येते. वाढदिवसाच्याच दिवशी मुलाला गाडीची धडक बसते, तो दवाखान्यात. केक न्यायला कुणी येत नाही म्हणून बेकरीवाला घरी फोन करत राहतो. आईबापांना ते फोन कुणाचे हे उमगत नाही. १९८१ च्या संग्रहात ही कथा 'द बाथ' नावाने आली. कार्व्हर यांचे संपादक गॉर्डन लिश यांनी त्या संग्रहातल्या कथा फार कापल्या होत्या. आपल्या कथा अशा छापू नका अशी विनवणी करणारं पत्र कार्व्हर यांनी त्यांना १९८० मध्ये लिहिलं होतं. तरीही पुस्तक कापलेलंच निघालं. 'द बाथ'चा शेवट फोनच्या घंटीवर आणि एका आवाजावर होतो. मुलगा जगला की गेला, हे कळत नाही.

१९८३ च्या संग्रहात तीच कथा 'अ स्मॉल, गुड थिंग' म्हणून लांब होऊन आली. तिच्यात मुलगा जातो. आईबाप रागाने मध्यरात्री बेकरीत जातात. बेकरीवाल्याला कळतं तेव्हा तो माफी मागतो, त्यांना बसवतो, भट्टीतून काढलेले गरम पाव खायला देतो. उजाडेपर्यंत ती तिघं तिथेच बसून असतात.

'द बाथ' वाचताना अंगावर काटा येतो. ती जागा थंड आहे, तिच्यात आपण भीतीच भरू शकतो. लांब आवृत्तीत मुलाचं काय झालं हे सांगून टाकलं आहे, म्हणजे एक जागा बुजवली आहे. पण त्यामुळे दुसरी, जास्त खोल जागा उघडते. ज्याचं सगळं गेलं त्याला एका परक्या माणसाच्या हातच्या पावाने काय मिळालं असेल? हे कथेत समजावलेलं नाही. मला दुसरी आवृत्ती मोठी वाटते. काही ठाम सांगितल्याशिवाय काही जागा उघडतच नाहीत. तुमच्या कथेत मूल जगलं की गेलं हा खरा प्रश्न नसेल, तर ते सांगून टाका आणि खऱ्या प्रश्नाकडे वळा.

नाव, जात, धर्म गाळणं ही पळवाट नाही का?

कधी असते, कधी नसते. फाळणीनंतर १९४८ मध्ये उर्दू कथाकार सआदत हसन मंटो यांचे 'सियाह हाशिये' आले, काही ओळींचे, काही अर्ध्या पानाचे तुकडे. त्यातल्या बऱ्याच तुकड्यांत मारणारा कोणत्या धर्माचा आणि मरणारा कोणत्या, हे नाही. वाचकाला 'हे त्यांनी केलं' म्हणून सुटता येत नाही. तिथे गाळणं म्हणजे वाचकालाच पिंजऱ्यात उभं करणं आहे.

आपल्याकडे आडनाव लिहिलं की वाचक जात वाचतो. म्हणून बरेच जण आडनाव टाळतात, आणि विषयच जातीचा असताना टाळलं तर कथा भित्री होते. ज्याला रोज त्याची जात विचारली जाते, त्याच्या गोष्टीतून ती पुसून टाकणं मला पटत नाही. पण सांगायची रीत एकच नसते. मागच्या ओसरीवर वेगळी ठेवलेली कपबशी दाखवा. ओंजळीत वरून ओतलेलं पाणी दाखवा. जातीचं नाव न घेता सगळं उघडं पडतं, आणि वाचकाला आपल्या घरात अशी कपबशी होती का, हे आठवावं लागतं.

शेवटी तीन टिंबं दिली की सूचकता येते का?

नाही. टिंबं म्हणजे 'इथे काहीतरी समजून घ्या' अशी पाटी. पूर्णविराम द्या आणि त्या आधीचं वाक्य नीट करा.

शीर्षकात किती सांगावं?

कथेत जे कुठेच येणार नाही, असं एक. ताटांच्या त्या तीन ओळींना 'पहिला सोमवार' म्हटलं तर वाचक नोकरी, शाळा, होस्टेल यांकडे वळेल. 'चौदावा दिवस' म्हटलं तर थेट मृत्यूकडे. 'एकटेपणा' म्हटलं तर वाचकाचं काम आपणच करून टाकलं. शीर्षक ही सगळ्यात स्वस्तात मिळणारी कड आहे. ती वाया घालवू नका.

वाचकांना माझी कथा कळलीच नाही. दोष कुणाचा?

पाच जणांना वाचायला द्या. पाचांनी पाच अर्थ सांगितले आणि प्रत्येकाने तुमच्या कथेतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवलं, तर कथा जागेवर आहे. पाचही जण 'म्हणजे काय झालं?' असं विचारत असतील, तर एखादी कड कमी पडली आहे. एक शब्द वाढवा, फार तर एक वाक्य. पाचांनी एकच अर्थ, एकाच शब्दांत सांगितला, तर तुम्ही कुठेतरी सगळं बोलून गेलात.

'खरं काय झालं होतं?' असं कुणी विचारलं तर मात्र उत्तर देऊ नका. तुम्हाला ते माहीत आहे, पण तुम्ही सांगितलंत की त्यांनी भरलेलं सगळं एका क्षणात चुकीचं ठरतं.

सुरुवात कुठून करू?

घरातली एक वस्तू घ्या, जी हल्ली वापरात नाही पण कुणी टाकतही नाही. काठी, चष्म्याचं घर, शिवणयंत्र, डबा. तिच्याभोवती घडलेलं सगळं एका बैठकीत, काही न लपवता लिहून काढा, दोन-तीन पानं. नावं, तारखा, कोण काय म्हणालं, कोण रडलं, सगळं. मग त्या पानांतली भावनेची नावं खोडा: दुःख, एकटेपणा, आनंद, पश्चात्ताप. नंतर कारणं खोडा, म्हणजे 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' ही वाक्यं. हातांनी केलेल्या गोष्टी आणि तोंडून निघालेले शब्द तेवढे राहू द्या. जे उरेल ते सहसा सात-आठ ओळींचं असतं. ते चार दिवस बाजूला ठेवा आणि मग तुमच्या घराबद्दल काहीच माहीत नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या.